वजन तेच, मग ताकद कुठे गेली? हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं लिव्हर आणि स्नायू घरच्यांनी कसे सांभाळायचे

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. हार्ट फेल्युअरचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करून लिहायला सांगितलं होतं आणि मी ते अगदी नेमाने लिहीत होते. वहीत तीन महिने बघा, ६१, ६१.४, ६०.८, परत ६१. मी खूश, की वजन हलत नाहीये म्हणजे पाणी साठत नाहीये. आणि एक दिवस ते सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकवून दुसऱ्या प्रयत्नात उठले, आणि हातातलं घड्याळ मनगटावरून घसरून पार कोपराकडे गेलं. पट्टा तोच, भोकही तेच. खाली बघितलं तर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पोटरीत रुतलेला. वरून मांस झडत होतं, खालून पाणी चढत होतं, दोन्हीची बेरीज ६१ येत होती.

त्याच आठवड्यात रक्ताच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य, जे लिव्हर बाहेर टाकतं) २.३ आलं आणि घरात एकच चर्चा, आता हे लिव्हरचं नवीन काय? ते नवीन नव्हतंच, हृदयाचंच होतं. हे समजायला मला बरेच महिने लागले म्हणून सगळं एका जागी लिहितेय. मी डॉक्टर नाही. बाबांच्या कार्डिओलॉजिस्टकडून, फिजिओकडून आणि डाएटिशियनकडून विचारून विचारून शिकलेलं आणि घरी करून बघितलेलं हे आहे, औषधाचा डोस कमीजास्त करायचा निर्णय मात्र कायम डॉक्टरांचाच.

आधी समजून घ्या, हृदयाचा आणि लिव्हरचा संबंध काय

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही, पंप कमी पडणं. हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्यातला साधारण पाव हिस्सा लिव्हरमधून जातो. त्यातलं बरंचसं आतड्यांकडून येणारं रक्त असतं आणि ते लिव्हरमधून गाळून परत हृदयाच्या उजव्या बाजूला जातं. आता उजवी बाजूच तुंबली तर काय होणार? मोरी तुंबल्यावर पाणी मागे न्हाणीघरात साठतं तसं रक्त मागे लिव्हरमध्ये साठतं. लिव्हर फुगतं, त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि उजव्या बरगडीखाली जड जड, दुखल्यासारखं वाटतं. असं लिव्हर कापल्यावर आतून जायफळासारखं दिसतं, लाल आणि फिकट ठिपके, म्हणून डॉक्टर लोकही त्याला जायफळाचंच नाव देतात. श्रीखंडात किसायला जायफळ कापून बघितलं असेल तर लगेच डोळ्यासमोर येईल.

तुंबारा फक्त लिव्हरपुरता राहत नाही, आतड्यांनाही सूज येते. म्हणून दोन घास खाल्ले की पोट भरतं, मळमळतं, ढेकर येतात, आणि घरचे म्हणतात "गॅस झालाय". आमच्याकडे महिनाभर हेच चाललं होतं, आणि गॅसवर आम्ही काय देत होतो तर फसफसणारं फ्रूट सॉल्ट! त्यात सोडा असतो, म्हणजे सोडियम, म्हणजे पाणी धरून ठेवणारी वस्तू आम्ही रोज ग्लासातून पाजत होतो. हे वाचून एका घरात जरी ते पाकीट बंद झालं तरी मला बरं वाटेल.

दुसरा प्रकार वेगळा आहे. बीपी अचानक खूप पडलं, किंवा हृदयाचा झटका येऊन पंपच ढासळला, तर लिव्हरला रक्त आणि ऑक्सिजन पुरत नाही. मग एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे दोन घटक) एक-दोन दिवसांत हजारांत जातात. ही हॉस्पिटलमधली इमर्जन्सी आहे, पण रक्तपुरवठा सावरला तर हे आकडे साधारण आठ-दहा दिवसांत भराभर खालीही येतात.

स्नायू का झडतात

लोक म्हणतात आजारी आहे, पडून असतो, अशक्तपणा येणारच. एवढंच असतं तर सोपं होतं. स्नायूंना रक्त कमी पोचतं, शरीरात आतून सतत एक दाह चालू असतो, भूक मेलेली असते, खाल्लेलं सुजलेल्या आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि त्यात लिव्हर थकलेलं. हे शेवटचं फार कोणी सांगत नाही. लिव्हर रात्री उपाशीपोटी शरीराला साखर पुरवतं, त्याचा साठा कमी पडला की शरीर स्नायू मोडून त्यातून साखर बनवायला लागतं. आणि उलटंही आहे, लिव्हर अमोनिया, म्हणजे प्रथिनांतून तयार होणारा विषारी टाकाऊ पदार्थ, नीट निपटवू शकत नसेल तर ते काम थोडं स्नायू करतात, म्हणजे स्नायू गेले की लिव्हरचा मदतनीसच गेला. दम लागतो त्यात श्वासाच्या स्नायूंचा अशक्तपणाही असतो, दर वेळी दोष एकट्या हृदयाचाच असतो असं नाही.

आणि पडून राहण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात धडधाकट वयस्कर माणसांना फक्त १० दिवस बिछान्यात ठेवलं होतं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. धडधाकट माणसांचं! मग आपल्या पेशंटला "तुम्ही काही करू नका, पडून राहा" म्हणताना आपण त्याच्याकडून काय काढून घेतोय याचा विचार करा.

पहिलं काम: एलएफटीचा, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट घेऊन बसा

जुने रिपोर्ट असतील तर तेही काढा आणि तारखेप्रमाणे लावा, कारण एकट्या रिपोर्टला अर्थ कमी, चढतोय की उतरतोय याला जास्त.

बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत नॉर्मल धरतात. तुंबाऱ्यामुळे ते थोडं वाढतं, बहुतेकदा ३ च्या आतच राहतं, सोबत अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी (त्याच रिपोर्टमधले आणखी दोन आकडे) वाढलेले दिसतात, आणि एसजीपीटी फारसं वाढलेलं नसतं. हे चित्र दिसलं तर डॉक्टरांना विचारा, "हे हृदयाच्या तुंबाऱ्यामुळे आहे का, की लिव्हरचं वेगळं काही आहे?" पाणी उतरल्यावर आकडे उतरले तर उत्तर बऱ्यापैकी मिळतंच. बाबांचं बिलिरुबिन २.३ वरून सहा आठवड्यांत १.३ झालं, लिव्हरचं एकही औषध न घेता, फक्त पाणी काढून. पण हेपॅटायटिस बी आणि सी, दारू, फॅटी लिव्हर, पित्ताशयातले खडे हे सगळं एकदा तपासून बाजूला काढलेलं बरं.

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, बघा, ३.५ ते ५ असायला हवं. ते फक्त लिव्हर बनवतं. कमी झालं तर लोक लगेच अंड्यांचा मारा करतात आणि आठ दिवसांनी परत टेस्ट करून निराश होतात. रक्तातलं जुनं अल्ब्युमिन निम्मं व्हायलाच साधारण २० दिवस लागतात, ते सावकाशच हलणार. आणि कमी होण्याचं कारण नुसतं खाणं नसतं, दाह असतो, अंगातल्या जास्तीच्या पाण्यात ते पातळ झालेलं असतं, कधी लघवीतून जात असतं.

आता दोन फसव्या जागा. एक, एसजीओटी स्नायूंमध्येही असतं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू आहे, मांड्या दुखतात आणि एसजीओटी वाढलंय, तर दोष लिव्हरचाच असेल असं नाही, सीपीके नावाची टेस्ट स्नायूंचं सांगते, ती हवी का ते विचारा. दोन, क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम जोखतात. ते स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळे ज्याचे स्नायू झडलेत त्याचं क्रिएटिनिन दिसायला छान दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली वाटते. बाबांचं ०.९ बघून आम्ही निश्चिंत होतो. सिस्टॅटिन सी ही टेस्ट स्नायूंवर एवढी अवलंबून नसते, फार रोडावलेल्या पेशंटमध्ये डॉक्टर ती सांगू शकतात, थोडी महाग असते.

सोनोग्राफीत "लिव्हर मोठं, हेपॅटिक व्हेन्स (लिव्हरमधून हृदयाकडे जाणाऱ्या शिरा) फुगलेल्या" असं लिहिलं असेल तर तोही तुंबाऱ्याचाच पुरावा. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) मात्र अंगात पाणी असताना केला तर आकडा उगाच जास्त येतो, कारण फुगलेलं लिव्हर कडकच लागणार, आणि "सिरॉसिस झालाय", म्हणजे लिव्हर कायमचं खराब झालंय, या धक्क्याने घरचे अर्धमेले होतात. पाणी उतरल्यावर करून घ्या.

दुसरं काम: वजनासोबत टेप आणि बोट

वजन सकाळी उठल्यावर, लघवी-संडास झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, आणि काटा फरशीवर, सतरंजीवर नाही. तीन दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. हे बहुतेकांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं की वजनाच्या वहीला अजून तीन रकाने हवेत.

सूज: अंगठ्याने नडगीच्या हाडावर पाच-दहा सेकंद दाबायचं आणि खड्डा राहतो का, कुठपर्यंत राहतो ते लिहायचं, घोटा, नडगी, गुडघा, मांडी. जो जास्त वेळ झोपून असतो त्याचं पाणी पायाऐवजी कंबरेच्या मागे साठतं, तिथेही दाबून बघा.

पोट: बेंबीवरून टेप, आठवड्यातून दोनदा, सकाळीच. पँटचं बटण लागेना हा पण रिपोर्टच आहे.

दंड: हा सगळ्यात महत्त्वाचा. खांदा आणि कोपराच्या मधोमध टेप धरून दर रविवारी माप घ्यायचं. स्नायू मोजायला एरवी पोटरीचं माप सांगतात, पण आपल्या पेशंटच्या पोटरीत पाणी असतं, ती जाड दिसते आणि फसवते. दंडात पाणी सहसा उशिरा येतं. वजन तेच पण दंड बारीक होतोय, म्हणजे पाणी वाढतंय आणि मांस जातंय. हेच मला तीन महिने दिसलं नव्हतं.

उलटही होतं. पाणी काढल्यावर वजन भराभर उतरतं आणि घरचे घाबरतात की किती बारीक झाले. ते बारीक आधीच झालेले असतात, पाण्याखाली झाकलेलं आता दिसतं एवढंच. सूज नसताना वर्षभरात वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

तिसरं काम: ताकद मोजा

घरी होणारी सगळ्यात चांगली टेस्ट म्हणजे खुर्ची. हात नसलेली साधी, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं, मोबाईलवर सेकंद मोजायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर असल्याची शंका घ्यायची. तुम्ही समोर उभे राहा, पडण्याची भीती असेल तर करूच नका, तेच उत्तर आहे. बाबांना पहिल्यांदा तीनदाच उठता आलं.

मुठीची ताकद मोजायचं छोटं यंत्र फिजिओकडे असतं, पुरुषांत २८ किलोच्या खाली आणि बायकांत १८ च्या खाली म्हणजे कमी, हा आपल्या आशियातल्या लोकांसाठी ठरवलेला आकडा आहे. यंत्र नसेल तर घरातली कामं बघा. कुकरचं झाकण लागतं का, पाण्याची नवी बाटली उघडते का, टॉवेल पिळल्यावर ठिबकतो का. ३१ वर्षं एसटीचं स्टिअरिंग फिरवलेल्या हातांना बाटलीचं बूच फिरेना, हे बघणं सोपं नव्हतं, पण ते मी तारखेसकट लिहिलं आणि डॉक्टरांनी ते वाचून पुढच्या टेस्ट लिहून दिल्या.

चौथं काम: अशक्तपणाची दुसरी कारणं आहेत का विचारा

सगळं हृदयावर ढकलू नका, यातली बरीच कारणं दुरुस्त होणारी आहेत.

लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरतं, मग पोटऱ्यांत गोळे येतात, पाय लोळागोळा होतात. लघवीच्याच पण स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांनी उलट पोटॅशियम चढतं, त्यानेही अशक्तपणा येतो आणि ते हृदयाच्या ठोक्यांना जास्त धोक्याचं. म्हणून "गोळे येतात ना, मग रोज नारळपाणी प्या" हा सल्ला रिपोर्ट बघितल्याशिवाय ऐकू नका.

लोहाचं वेगळंच आहे. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा सांगणारी टेस्ट) १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ च्या मध्ये पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहून नेलं जातंय ते सांगणारी टेस्ट) २० टक्क्यांच्या खाली, याला लोहाची कमतरता धरतात, हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी. लॅबच्या छापील रेंजमध्ये फेरिटिन ८० नॉर्मलच दाखवेल, म्हणून मुद्दाम विचारा. आणि या पेशंटमध्ये लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, सलाईनमधून दिलेल्या लोहाने चालण्याची ताकद सुधारते असं अभ्यासांत दिसलंय.

थायरॉईड, बी-१२, डी व्हिटॅमिन एकदा बघून घ्या, शाकाहारी घरात बी-१२ तर नक्कीच. ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉईड आणि लिव्हर दोन्ही ठरावीक महिन्यांनी तपासावं लागतं. हृदयाचं डिगॉक्सिन चालू आहे आणि अचानक भूक गेली, उलट्या होतायत, डोळ्यांना पिवळसर दिसतंय, तर ते औषध अंगात जास्त झालेलं असू शकतं, त्याच दिवशी फोन करा.

पाचवं काम: आधी पाणी उतरवा

पाणी अंगात असताना तुम्ही कितीही खाऊ घाला, आतडं घेत नाही. आणि इथे एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. आतडं सुजलेलं असेल तर लघवीची गोळीसुद्धा नीट शोषली जात नाही. लॅसिक्स या लघवीच्या गोळीच्या बाबतीत हे जास्त होतं, टॉरसेमाइड ही दुसरी गोळी त्या मानाने बरी शोषली जाते. म्हणजे "गोळी घेतोय तरी लघवी होत नाही" ही तक्रार खरी असते, पेशंट काही खोटं बोलत नसतो. अशा वेळी डॉक्टर गोळी बदलतात किंवा थोडे दिवस इंजेक्शन देतात. तुम्ही फक्त गोळीची वेळ आणि त्यानंतर चार-सहा तासांत लघवी किती झाली ते लिहून न्या. स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका, जास्त पाणी निघून बीपी पडलं तर किडनी आणि लिव्हर दोघांना फटका.

मिठाबद्दल सगळे सांगतात, भाजीत कमी घाला. भाजीतलं मीठ आमच्याकडे कमीच होतं हो, घोळ दुसरीकडेच होता. पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, फरसाण, खारी, ब्रेड, सोडा घातलेला ढोकळा, आणि कोकणात-गोव्यात सुकट आणि खारवलेली मासळी. दिवसाचं सगळं मिळून साधारण एक छोटा सपाट चमचा, ५ ग्रॅम, याच्या आत राहायचं असतं. आमची युक्ती अशी की बाबांचं दिवसाचं मीठ आई सकाळीच वाटीत काढून ठेवते आणि त्यांचं सगळं त्यातूनच होतं, वाटी संपली की लिंबू, आमसूल, आलं, जिरं, मिरपूड. "लो सोडियम" म्हणून मिळणारं मीठ मात्र आणू नका, त्यात थोड्या सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला ते धोक्याचं.

पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर चहा, ताक, आमटी, सार, खीर सगळं त्यात धरायचं.

सहावं काम: थोडं थोडं, पण प्रथिनं प्रत्येक वेळी

"लिव्हरचा त्रास आहे, डाळ-अंडी बंद" हा सल्ला आमच्या नात्यात तिघांनी दिला. तो जुना आहे. आता सिरॉसिसमध्येसुद्धा प्रथिनं तोडायला सांगत नाहीत, आणि हार्ट फेल्युअरमध्ये किलोमागे निदान १.१ ग्रॅम तरी हवीत असं सांगतात. ६० किलोच्या माणसाला ६६ ग्रॅम. किडनी खराब असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. पाण्यासकट वजन नाही धरायचं, सूज नसतानाचं धरायचं.

तीन मोठी जेवणं या पेशंटला जमत नाहीत, पोट फुगून दम लागतो. आम्ही सहा वेळा देतो. सकाळी कपभर दूध आणि दोन उकडलेली अंडी, म्हणजे १८-१९ ग्रॅम तिथेच झालं. दहा-साडेदहाला भिजवलेल्या मूगडाळीचं एक धिरडं. दुपारी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर दही. चारला बिनमिठाचे मूठभर फुटाणे, दात नसतील तर कुटून गूळ घालून. साडेसातला मऊ मूगडाळीची खिचडी, वरून घरचं पनीर कुस्करून, तूप चमचाभर. आणि रात्री झोपायच्या आधी पाऊण कप दूध, त्यात नाचणीचं सत्त्व. हे सगळं मिळून ६५-७० ग्रॅमपर्यंत जातं. खाणाऱ्यांनी ताजी मासळी घ्यावी, बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये २० च्या आसपास प्रथिनं असतात.

ते रात्रीचं दूध साधं वाटतं पण सोडू नका. संध्याकाळी साडेसात ते सकाळी आठ म्हणजे साडेबारा तास पोट रिकामं, आणि थकलेलं लिव्हर तेवढा वेळ काढू शकत नाही, मग स्नायू मोडतात, वर लिहिलंच आहे. सिरॉसिसच्या पेशंटला झोपण्यापूर्वीचं खाणं याच कारणासाठी देतात. आमच्याकडे ते सुरू केल्यावर पहाटे गळून जायचं कमी झालं. डायबेटिस असेल तर काय आणि किती ते डाएटिशियनला विचारून.

उपवास, मग एकादशी असो की चतुर्थी, बंद. बाबांनी संकष्टी सोडायला खूप त्रास करून घेतला, शेवटी आईने सांगितलं की तुमची मी धरते.

सातवं काम: हालचाल करवा, पण शहाणपणाने

पाणी उतरलंय, बसल्या जागी दम नाही, छातीत दुखत नाही, ताप नाही, आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय, एवढं झालं की सुरू. हार्ट फेल्युअरमध्ये व्यायाम घातक असं पूर्वी मानायचे. २००९ साली २३३१ पेशंटवरचा मोठा अभ्यास आला, त्यात देखरेखीखाली केलेला व्यायाम सुरक्षित ठरला. २०२१ मध्ये हॉस्पिटलात भरती झालेल्या ६० वर्षांपुढच्या ३४९ पेशंटवर केलेल्या अभ्यासात ताकद, तोल, चालणं यावर तीन महिने काम केल्यावर हालचाल स्पष्ट सुधारली. परत भरती होण्याचं प्रमाण मात्र त्याने ठळक कमी झालं नाही, हेही सांगते. पण माणूस आपला आपण संडासला जाऊन येतो, हे घरात ज्यांनी केलंय त्यांना विचारा किती मोठं आहे.

आमचा क्रम असा होता. पहिले दोन आठवडे खुर्चीवरून पाच वेळा उठबस, सकाळ-संध्याकाळ, सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंच करून, कारण उंचावरून उठायला सोपं. उठताना श्वास सोडायचा, दम रोखून जोर लावायचा नाही, हे दर वेळी आठवण करावं लागतं. मग ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. मग अर्धा लिटरच्या भरलेल्या बाटल्या, म्हणजे अर्धा किलो, दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वाकवणं. नुकताच पेसमेकर बसवला असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कधीपर्यंत ते डॉक्टर सांगतील. चालणं घरातच, पाच मिनिटं दोनदा, दर तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवत. वेग कसा ओळखायचा? चालताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. नुसतं हूं हूं करत असतील तर वेग जास्त झालाय.

जेवल्यावर दीड-दोन तास नाही. चक्कर, छातीत दाब, खूप धडधड, थांबल्यावर दहा मिनिटांतही दम न बसणं, यातलं काही झालं तर तिथेच थांबवून डॉक्टरांना सांगायचं, आणि छातीतला दाब बसला नाही तर थेट हॉस्पिटल. दुसऱ्या दिवशीपर्यंत अंग गळून गेलेलं असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला, तो निम्मा करा, बंद करू नका. बाबांना चार महिन्यांनी पाच उठबशांना १३ सेकंद लागायला लागले. घड्याळाचा पट्टा अजूनही एक भोक आत आहे, पण आता घसरत नाही.

औषधांच्या बाबतीत जे टाळायचं

अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि किडनीला त्रास देतात, हार्ट फेल्युअरमध्ये नकोच. पॅरासिटामॉल चालतं पण लिव्हर थकलेलं असताना दिवसाला किती ते विचारून, आणि पाण्यात विरघळणारी फसफसती गोळी नाही, तिच्यात परत सोडियम.

बिलिरुबिन वाढलं म्हटल्यावर काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात कुणीतरी सांगतंच. देऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेपही घेतला होता, पण आधीच तुंबलेल्या लिव्हरवर हा प्रयोग आपण कशाला करायचा? खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमधही जास्त झालं तर मीठ-पाणी धरतं आणि पोटॅशियम पाडतं, म्हणजे सूज आणि अशक्तपणा दोन्ही. दारू पूर्ण बंद, थोडीसुद्धा नाही.

रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर लिव्हर तुंबल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा टेस्टचा आकडा) आपोआप चढतो, डोस तोच असला तरी. सूज वाढली, खाणं कमी झालं की आयएनआर लवकर करून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग याकडे बघत जा.

कधी वाट बघत बसायचं नाही

डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली, आडवं झोपताच दम लागून उठून बसावं लागतंय, काळी डांबरासारखी शौच किंवा उलटीत रक्त, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, हातपाय गार पडून लघवी कमी होणं, चक्कर येऊन पडणं, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, दिवसा झोपाळलाय आणि रात्री जागा आहे. यातल्या कशालाही सकाळपर्यंत थांबू नका, गाडी नसेल तर १०८ लावा. बरोबर वही, शेवटचे तीन एलएफटी, शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. आमची ती पिशवी दाराच्या मागच्या खुंटीला कायम लटकलेली असते, आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यात एका कागदावर बाबांचं सूज नसतानाचं वजन मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण कॅज्युअल्टीत पहिल्यांदा तेच विचारतात आणि घाईत कुणालाच आठवत नाही.